रंगारीकाकांच्या पाठीमागची उशी

मित्रांनो, मी एक जुनी उशी आहे, पण डोक्याखाली घेऊन झोपायची नव्हे. मी एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला निमुळती आहे. माझ्या अंगावर निळं रेक्झिन आहे आणि ते दोन ठिकाणी उसवलं आहे. हल्ली मी एका रुग्णालयाच्या अडगळीच्या खोलीत मोडक्या स्टुलांखाली पडून असते. इथे माझं ऐकून घ्यायला झुरळांशिवाय कोणी नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

कारखान्यात फोमच्या एका मोठ्या ठोकळ्यातून मला कापून काढलं. माझी खोळ शिवणाऱ्या बाई भारी कडक होत्या. शेजारच्या नव्या मुलीला त्या म्हणाल्या, "टाके आतल्या बाजूला घाल गं. आजारी माणसाच्या पाठीला लागणार आहे ही. टोचली तर तो बिचारा सांगणार कुणाला?" त्यांनी मला दोनदा उसवून पुन्हा शिवलं. तेव्हा मला त्यांचा राग आला होता.

पुढे मी अतिदक्षता विभागात आले. तिथली माणसं बेशुद्ध असतात, नाहीतर इतकी अशक्त की त्यांना कूससुद्धा बदलता येत नाही. तुम्ही झोपेत लोळता, पांघरूण ओढता, भावंडाला लाथ मारता. ते लोळणं किती मोलाचं असतं, हे मला तिथे कळलं. शरीराचा भार एकाच जागी तासन् तास पडला की तिथलं रक्त अडतं, कातडी काळवंडते आणि आत जखम होते. म्हणून सिस्टर दर दोन तासांनी माणसाला वळवायच्या. कधी डावी कूस, कधी उजवी, कधी पाठ. कुशीवर वळवलं की पाठीमागे मला सरकवायच्या, म्हणजे माणूस परत कलंडायचा नाही.

मोठ्या सिस्टरांचा या बाबतीत दरारा होता. खाटेच्या पायथ्याशी एक तक्ता लटकलेला असे. वळवलं की त्यात त्या वेळेसमोर खूण करायची. नव्या मुलींना त्या बजावायच्या, "आधी कूस, मग खूण. उलटं केलेलं मला चालणार नाही." विभाग बघायला मोठी माणसं आली की सगळी वाहवा श्वासाच्या यंत्राची व्हायची. माझ्याकडे कोणी ढुंकूनही बघत नसे. मला वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

एकदा आमच्या दुसऱ्या खाटेवर एक रंगारीकाका आले. घरं रंगवायचं काम करायचे. दोन्ही फुप्फुसं कफाने भरलेली, घशात नळी, अंगात साखरेचा आजार, आणि शरीर म्हणजे नुसती हाडं. डॉक्टरांनी औषध बरोबर दिलं, यंत्राने श्वास दिला, हे खरंच. पण त्यांचा कफ वेळोवेळी कोण काढत होतं? तोंड पुसणं, डोळ्यांत थेंब घालणं, डोक्याकडची खाट उचलून ठेवणं, हे कोण करत होतं? मी पाठीला चिकटून होते, मला सगळं माहीत आहे. अकराव्या दिवशी काकांनी डोळे उघडले.

त्यांची मुलगी बारावीत होती. घरात बापलेक दोघंच. ती रोज भेटीच्या वेळेला दप्तरासकट यायची. घशातल्या नळीमुळे बोलता येईना, म्हणून काकांनी हाताने खुणावून कागद मागितला आणि थरथरत्या अक्षरांत लिहिलं, 'या छताला रंगाचा एकच हात दिलाय. ठेकेदार चोर आहे.' मुलगी इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाबा, आधी घरी चला, मग भांडा त्याच्याशी," ती म्हणाली. डॉक्टरांनी दोन दिवसांत नळी काढू असं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या सिस्टर रजेवर होत्या. आणखी दोघी नोकरी सोडून गेल्या होत्या आणि त्यांच्या जागा रिकाम्याच होत्या. सकाळपाळीला एकट्या धाकट्या सिस्टरांच्या वाट्याला नेहमीच्या दोनऐवजी पाच खाटा आल्या. आठ वाजता त्यांनी काकांना पाठीवर ठेवलं आणि मला स्टुलावर. मग त्यांनी एक गोष्ट केली. निदान लिहिण्याचं काम तरी उरकावं, म्हणून पुढच्या खुणा आधीच करून टाकल्या. दहाला डावी, बाराला उजवी, दोनला पाठ. मनात कामचुकारपणा नव्हता, हे मी शपथेवर सांगेन.

इतक्यात तिसऱ्या खाटेवरच्या आजींचं हृदय थांबलं. सिस्टर धावल्या आणि छाती दाबू लागल्या. आजी वाचल्या, तोवर नवा पेशंट दारात आला. दहा वाजले, बारा वाजले. मी स्टुलावर पडून ओरडत होते, पण उशीचा आवाज कोणाला ऐकू जाणार? रंगारीकाकांनी एकदा हात वर केला. सिस्टरांची धावपळ पाहिली आणि हात हळूच खाली घेतला. भिडस्त माणूस!

दोनला दुपारपाळीच्या सिस्टर आल्या. तक्त्यावर 'पाठ' होतं आणि काकाही पाठीवरच होते. शंका घ्यायला जागाच नव्हती. चारला त्यांनी काकांना कुशीवर वळवलं, तेव्हा कमरेखाली माकडहाडावर जांभळा चट्टा होता. दाबला तरी त्याचा रंग बदलेना. काका आठ तास एकाच जागी होते.

पुढचं सांगताना माझा जीव घाबरा होतो. पाच दिवसांत कातडी फुटली. जखमेतलं विष रक्तात गेलं आणि ताप चढला. नळी निघायची राहिलीच. नंतर मोठ्या सिस्टरांनी स्वतः जखम धुतली, रोज, दोन्ही वेळा. मी दर दोन तासांनी पाठीमागे जात होते, एकदाही चुकले नाही. काही उपयोग झाला नाही. एका सकाळी दहाच्या सुमाराला रंगारीकाका गेले.

मुलगी खाटेजवळ बसून होती. धाकट्या सिस्टर आल्या आणि तिच्यासमोर उभ्या राहिल्या.

"एक सांगायचंय. त्या दिवशी मी तक्ता आधीच भरला होता. काकांना वळवलंच नव्हतं. चूक माझी आहे."

मुलीने हातातला बापाचा हात आणखी घट्ट धरला. मग तिने विचारलं, "तुमच्याकडे किती पेशंट होते?"

"पाच."

"पाच? आणि हे कुणाला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं. वर लेखी दिलं होतं."

मुलीने त्यांना माफ केलं का, ते मला माहीत नाही. ती फक्त बापाचा हात धरून रडली आणि सिस्टर भिंतीला टेकून रडल्या.

त्यानंतर वरच्यांनी हवेने फुगणाऱ्या, अंगाखालचा भार आपोआप बदलत ठेवणाऱ्या नव्या गाद्या मागवल्या आणि मला इथे टाकलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. गाद्या चांगल्या आहेत. पण त्या वर केलेला हात बघू शकत नाहीत, आणि सिस्टरांच्या रिकाम्या जागा अजून भरलेल्या नाहीत.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. तुमचं माणूस आजारी पडलं की तुमच्या घरची मोठी माणसं डॉक्टर कोण, यंत्र कोणतं, हे विचारतात. त्यांना आणखी एक विचारायला सांगा, की एका सिस्टरकडे पेशंट किती? आणि ते पहिल्याच दिवशी विचारायला सांगा. रंगारीकाकांच्या मुलीने विचारलं, तेव्हा तिच्या हातातला हात गार पडला होता.