सातव्या प्रश्नाचं बरोबर उत्तर

धोंडप्पा सरांच्या क्लासमधली सगळी मुलं एकाच आठवड्यात आनंदी झाली, आणि विनीताला काळजी वाटू लागली.

लातुरात डॉक्टर व्हायला आलेल्या मुलांसाठी क्लास पुष्कळ. पण त्यांच्या मनासाठी पगारी समुपदेशक नेमणारे सर विरळाच. विनीताला त्यांनी मुद्दाम नांदेडहून बोलावून घेतलं होतं. यंदा तिच्या मदतीला एक अ‍ॅपही आणलं. दर सोमवारी मुलांनी टॅबवर झोप, भूक, भीती यांबद्दलच्या प्रश्नांना पर्याय निवडायचे. उत्तर काळजीचं निघालं की पालकांना आपोआप मेसेज. विनीताने या मेसेजला विरोध केला. सरांनी तो हसून ऐकला, म्हणजे ऐकला नाही.

आता ते फ्लेक्सचा मजकूर ठरवत होते : ‘लातूरमधला सर्वांत आनंदी क्लास’.

दुपारी शंका विचारायच्या रांगेतून निसटून उमरीची सदफ विनीताच्या खोलीत आली.

"मॅडम, एक डाऊट हाय. सातवा प्रश्न, झोप नीट लागते का. बरोबर पर्याय कोणता?"

"जो खरा, तो."

"खरा न्हाई विचारून राहिले, मॅडम. बरोबर कोणता? होस्टेलात सगळ्या दुसरा मारतात, ‘बहुतेक वेळा’. पहिला मारला की खोटं वाटतं म्हणे."

विनीताला हसू आवरेना. पोरींनी मनाचीसुद्धा उत्तरं पाठ केली होती.

"आणि तुझा खरा कोणता?"

"चौथा. अजिबात न्हाई." सदफचा आवाज खाली गेला. "पण तो मारला की अब्बूंना मेसेज जाणार. शिलाई मशीन तशीच सोडून ते पहिल्या एसटीनं येतील अन् मला घरी नेतील. मला इथंच राहायचंय, मॅडम."

विनीता सरांकडे गेली. सदफचं नाव तिने घेतलं नाही.

"सर, एकदा तुम्हीच भरून बघा ना."

"द्या इकडं! पालक म्हणून नीलाबाईंचा नंबर टाका."

"मेसेज खरंच जाईल, सर. माझा नंबर टाकते हवं तर."

"जाऊ द्या की. बायकोपासून लपवायचंय काय आपल्याला?"

सरांनी चष्मा चढवला. जन्म पेपर सोडवण्यात गेलेला. प्रश्न समोर आला की हात थांबत नसे. भूक : उत्तम. राग : कधीकधी. रात्री दचकून जाग येते का : रोज.

"रोज?" विनीताने विचारलं.

"त्र्याण्णवच्या भूकंपापासून. दार उघडं असलं की लागते परत झोप. त्यात काय एवढं?" म्हणत त्यांनी शेवटचं बटण दाबलं.

थोड्याच वेळात फोन वाजला. नीलाबाईंना स्पीकरची गरज नव्हती.

"आवो, हे काय आलंय मोबाइलवर? तुम्ही दचकून उठता? अन् मला सांगता, उकडतं म्हणून दार उघडं! थंडीत बी उकडत होतं व्हय? मी स्वेटर घालून झोपले इतकी वर्षं!"

सर फोन घेऊन व्हरांड्यात गेले. परतले तेव्हा फ्लेक्सचा कागद त्यांनी बाजूला सारला.

"तिला सांगायचं होतंच कधीतरी," ते म्हणाले. "पण मी सांगितलं असतं. या डबड्यानं नव्हे."

"मुलांचंही तेच म्हणणं आहे, सर."

त्याच दिवशी पालकांचे मेसेज बंद झाले. उत्तरं फक्त विनीता पाहणार. जिवाला धोका दिसला तरच घरी कळवायचं, आणि तेही शक्यतो मुलाला आधी सांगून. सोमवारी क्लासचा आनंद धाडकन खाली आला. "निकाल घसरला की हो," सर कुरकुरले.

सदफ आली ती दारातूनच म्हणाली, "चौथा मारला, मॅडम. आता?"

"आता बस. कधीपासून झोप नाही?"

ती सांगू लागली. अब्बूंनाही सांगणार होती, पण स्वतः, फोनवर. एवढ्यात सरांनी आत डोकावलं.

"मॅडम, हिच्यानंतर माझा नंबर लावता का?"

"लावते. पण सर, दार..."

सर क्षणभर घुटमळले. मग त्यांनी मागे सरून ते बाहेरून नीट लावलं.