सीटचे मलम

मित्रांनो, मी एक जुनी सीट आहे. सायकलची, चामड्याची. तुम्ही म्हणाल, सीटने कसले आत्मवृत्त सांगायचे? हँडलने सांगावे, त्याला पुढचे दिसते. चाकांनी सांगावे, ती गावोगाव फिरतात. माझ्याकडे तर जो आला त्याने पाठच केली. पण मला माणसाचे वजन कळते, त्याचा कल कळतो, आणि कोण किती दुखणे दाबून बसला आहे हे तर त्याच्या सख्ख्या बापाच्याही आधी कळते. कळून उपयोग काय? मला तोंड नाही. आज सांगते आहे ते फार उशिरा सांगते आहे.

एका कारागिराने जाड चामड्यातून मला कापले. पाण्यात भिजवले, लाकडी साच्यावर ठोकून ठोकून ताणले आणि तांब्याच्या रिव्हेटांनी लोखंडी सांगाड्यावर बसवले. मला विकत घ्यायला आलेला तरुण शर्यती खेळणारा होता. कारागिराने त्याच्या हातात माझ्याबरोबर एक पसरट डबी ठेवली. तिच्यात मेण, चरबी आणि टर्पेंटाइन यांचे घट्ट मलम होते.

"चामडं मेलं म्हणून त्याची तहान मरत नाही," कारागीर म्हणाला. "हे मलम बोटाने जिरवत जा. नाही जिरवलंस तर तडकेल, मग माझ्या नावाने बोंब मारू नकोस."

त्या तरुणाने हा शब्द इतका पाळला की काय सांगू! पुढे त्याने घराच्या पुढच्या खोलीत सायकल दुरुस्तीचे दुकान टाकले आणि सगळे त्याला मिस्त्री म्हणू लागले, तरीही दर आठवड्याला तो मला मांडीवर घ्यायचा, डबीत बोट बुडवायचा आणि हळूहळू मलम जिरवायचा. रॉकेलने त्याचे स्वतःचे हात भेगाळले होते. त्यांना त्याने कधी काही लावले नाही. एवढ्या मायेने त्याने दुसऱ्या कोणाला हात लावलेला मी पाहिला नाही.

नवी सीट दगडासारखी असते. बसणाऱ्याच्या हाडांनी तिच्यात हळूहळू दोन खळगे पडतात आणि मग ती त्याची होते. मीही मिस्त्रीची झाले. त्याने माझ्यावर बसून मोठमोठ्या शर्यती जिंकल्या. दुकानात त्याचा कप घेतलेला फोटो आहे. त्यात मी दिसत नाही. कशी दिसणार? तो माझ्यावर बसला होता.

लांब पल्ल्याच्या सायकलस्वाराला बुडाशी घासते, सोलवटते, पुरळ येते. मिस्त्रीचा त्यावर एकच उपाय होता. तुरटीचे पाणी आणि स्पिरिट. झोंबून डोळ्यांत पाणी यायचे, पण तो म्हणायचा, "कातडं कमवावं लागतं." त्याचे कातडे कमावले गेले की तो नुसता सोसत राहिला, हे मला माहीत आहे. पण जिंकलेल्या माणसाला कोण विचारतो?

त्याला एक मुलगी होती. तिची आई ती लहान असतानाच गेली. दिवसभर दुकानात गिरक्या घेत हिंडणारी म्हणून तिचे नाव भिंगरी पडले. कॉलेज संपेपर्यंत ती बापासारखीच सायकल पळवू लागली. तेव्हा मिस्त्रीने तिच्यासाठी स्वतःच्या हाताने नळ्या जोडून सायकल बांधली आणि सगळ्यात शेवटी तिच्यावर मला बसवले.

"माझी सीट देतोय तुला," तो म्हणाला. "हिच्यावर मी कधी हरलो नाही."

भिंगरीने मला दोन्ही हातांनी धरले आणि तिला रडू फुटले. मलाही आनंद झाला. त्या आनंदात एक गोष्ट कोणाच्याच ध्यानात आली नाही. माझ्यातले खळगे बापाचे होते. मुलींची बसायची हाडे जरा लांब लांब असतात. ती बसली ती खळग्यांत नाही, त्यांच्या कडांवर. पण बापाने दिलेली सीट! पदरी पडले आणि पवित्र झाले. नवी हवी, असे म्हणायची तिची छाती झाली नाही.

मिस्त्रीची बहीण त्यांच्याच घरी राहायची. भिंगरीची आत्या. ती औषधाच्या दुकानात कामाला होती आणि तिच्या जिभेला हाड नव्हते. एक दिवस तिने एक क्रीमची ट्यूब आणून भिंगरीच्या हातात दिली.

"हे बघ, लाजायचं काही नाही. निघण्याआधी अंग धुऊन कोरडं करायचं आणि जिथे जिथे घासतं तिथे हे चोपडायचं. हात स्वच्छ पाहिजेत. परत आलीस की आधी ती घामाची चड्डी काढायची, गप्पा हाणत बसायचं नाही. आणि फोड आलाच तर सायकल बंद आणि मला सांगायचं. कळलं?"

"मलई चोपडून सायकल चालत नसते," मिस्त्री चाकाच्या तारा ओढता ओढता म्हणाला. "कातडं कमवावं लागतं. मी काय लोणी लावून जिंकलो?"

"तू पायांनी जिंकलास, दादा. तुझ्या बुडाचं कौतुक मला नको सांगूस."

भिंगरी खदखदून हसली. मिस्त्रीलाही हसू आले असावे, पण ते त्याने गिळले. त्याने तिच्या हातातून ट्यूब घेतली, दुकानाचे दार फार दिवस कुरकुरत होते त्याच्या बिजागरीत सगळी पिळली आणि दार दोनदा उघडून लावून दाखवले.

"बघ, कुरकुर थांबली. आहे खरी कामाची."

त्या दिवशी आम्ही सगळे हसलो. मी पण हसले, मित्रांनो.

मग मोठी शर्यत जाहीर झाली. तीन दिवसांची, डोंगर ओलांडून समुद्रापर्यंत. तिच्यातून संघ निवडणार होते. भिंगरी उजाडायला बाहेर पडायची ती उन्हे चढल्यावर परतायची. परतल्यावर बाप ताशी वेग विचारायचा, हवा किती भरली विचारायचा आणि ती घामेजल्या चड्डीतच उत्तरे देत उभी राहायची. नेमकी तेव्हाच आत्या परगावी गेली. तिच्या लेकीचे बाळंतपण होते.

दुखणे हत्तीच्या पायांनी येते म्हणतात. हे मुंगीच्या पायांनी आले. आधी तिचे वजन माझ्यावर किंचित डावीकडे पडू लागले. मग जास्त. मग खड्डा आला की ती श्वास रोखायची. मला कळले की उजव्या बाजूला फोड आला आहे. दुसऱ्या कोणालाही कळले नाही, कारण तो अशा जागी होता की जिचे नाव त्या घरात कोणी घेत नव्हते.

तिने सांगून पाहिले नाही असे नाही. दुकानातल्या फोनवरून तिने आत्याला फोन केला. पलीकडे तान्हे मूल रडत होते. ताकाला जाऊन भांडे लपवावे तशी ती इकडचे तिकडचे बोलत राहिली आणि "काही नाही गं, सहजच केला" म्हणून तिने फोन ठेवला. एकदा तिने मला औषधाच्या दुकानाबाहेर भिंतीला टेकवले आणि ती आत गेली. आत आत्या नव्हती, दोन पुरुष होते, दोघेही मिस्त्रीच्या रोजच्या बसण्यातले. ती खोकल्याच्या गोळ्या घेऊन बाहेर आली.

शेवटी ती बापासमोर उभी राहिली. अवघड जागेचे दुखणे आणि जावई डॉक्टर, अशी म्हण आहे. इथे बापच होता.

"बाबा, सीट जरा टोचते."

मिस्त्रीने तिच्याकडे पाहिले. त्याला काही विचारायचे होते, मी शपथेवर सांगते. त्याचे ओठ हललेही. मग त्याने पाना उचलला, माझे नाक, म्हणजे पुढचे टोक, जरासे खाली केले आणि बोल्ट आवळला.

"आता बघ. सवय होईल."

"हो, बाबा."

दोघांनाही सुटल्यासारखे झाले. तो त्या दिवशी मला नेहमीपेक्षा जास्त वेळ मलम चोळत बसला.

भिंगरी दारात उभी राहून ते पाहत होती. त्याचे बोट माझ्यावर गोल गोल फिरत होते आणि माझे कोरडे कातडे मऊ होत होते. दुसऱ्या दिवशी तो जेवायला आत गेला, तेव्हा ती दुकानात आली. तिने फळीवरून डबी काढली. आधी थोडे मलम मला लावले. मग आपल्या बोटाकडे पाहत राहिली. मग वर्तमानपत्राच्या कागदावर थोडे काढून घेतले आणि कागद मुठीत लपवून ती आत गेली.

पुन्हा पुन्हा भरलेल्या त्या डबीत वर्षानुवर्षे मिस्त्रीची काळी बोटे बुडाली होती. लोखंडाचा कीस, गंज, चिंध्यांचे धागे, सगळे तिच्यात होते. माझे त्याने काही बिघडत नव्हते. मी मेलेले चामडे. पण तिची कातडी जिवंत होती, आणि ती उघडी पडलेली होती.

ती रोज येऊ लागली. डबी भराभर रिकामी होऊ लागली. मिस्त्रीच्या ते लक्षात आले आणि त्याची छाती फुगली. गिऱ्हाइकांना तो डबी उघडून दाखवायचा. "पोरगी माझ्यापेक्षा जास्त जपते सीटला," म्हणायचा. हे ऐकताना मला माझ्या रिव्हेटांसकट फुटून जावेसे वाटे.

शर्यतीच्या पहिल्या दिवशी ती डाव्या अंगावर बसून चालवत राहिली. दुसऱ्या दिवशी ती बसेचना. चढ असो, सपाटी असो, पेडलवर उभीच. रस्त्याकडेचे लोक टाळ्या वाजवत होते. "काय जोर आहे बघा, टेकतसुद्धा नाही!" मागून येणाऱ्या जीपमधून मिस्त्री अर्धा बाहेर लटकून ओरडत होता, "शाब्बास! अशीच! अशीच!"

तिसऱ्या दिवशी तिचे पाय थरथरू लागले आणि तिला बसावेच लागले. बसताना तिच्या तोंडून जो आवाज आला तो फक्त मी ऐकला. तिचे अंग तापाने भाजत होते. थोड्या वेळाने मी ओली झाले. घाम मला ओळखता येतो. तो घाम नव्हता.

ती निवडल्या गेलेल्यांत आली. रेषा ओलांडल्यावर तिला पाय वळवून उतरता येईना. मिस्त्री धावत आला. त्याला वाटले, पेटके आले. त्याने तिला कडेवरच्या लेकरासारखी उचलली आणि "जिंकलीस गं, जिंकलीस" म्हणत राहिला.

सायकल घरी आली. भिंगरी दवाखान्यात गेली. मी दुकानात अंधारात उभी होते. मग आत्या परगावाहून थेट दवाखान्यात गेली आणि तिथून मिस्त्रीला घेऊन कपडे न्यायला घरी आली.

"दादा, डॉक्टरीणबाई विचारतायत, जखमेला काय लावलं होतं," आत्या म्हणाली. "आत काहीतरी काळं, चिकट आहे. आणि तिला आता शुद्ध नाही."

"काही नाही लावलं. लावायला घरात आहेच काय?"

आत्याची नजर फळीवर गेली. तिने डबी काढली, झाकण उघडले, वास घेतला. तळाशी बोटांनी खरवडल्याच्या खुणा होत्या. बारीक, निमुळत्या बोटांच्या. तिने डबी त्याच्यासमोर धरली.

"हे सीटचं मलम आहे," मिस्त्री म्हणाला. "ती सीटला लावायची. रोज लावायची. मी बघत होतो ना, डबी किती लवकर..."

एरवी आत्याच्या जिभेला हाड नसे, पण त्या वेळी तिने फक्त झाकण लावले आणि ती त्याच्या दंडाला धरून त्याला बाहेर घेऊन गेली.

विष रक्तात भिनले होते. भिंगरी परत आली नाही.

मिस्त्रीने मला सायकलवरून काढले आणि भिंतीवरच्या खिळ्याला टांगले. तेव्हापासून त्याने मला मलमाचे बोट लावलेले नाही. मी सुकत गेले. सगळ्यात आधी खळग्यांच्या कडा तडकल्या. दाराची बिजागरी पुन्हा कुरकुरते. तिलाही तो तेल देत नाही.

आता त्याच्या फळीवर क्रीमच्या कोऱ्या ट्यूब असतात. आत्या आणून ठेवते. लांब जाणारे कोणी आले की तो ट्यूब पुढे करतो आणि खाली न पाहता विचारतो, "बसायला दुखतं का?" पोरे फिदीफिदी हसतात. पोरी जमिनीकडे बघतात. तो हलत नाही. "मला नको सांगूस. आत माझी बहीण आहे, तिला सांग," असे म्हणतो आणि आत्याला हाक मारतो.

परवा एका गिऱ्हाइकाचे माझ्याकडे लक्ष गेले. "एवढी भारी सीट, मिस्त्री! तडकून चालली. जरा मलम तरी लावा."

"ती मेलेली आहे," मिस्त्री म्हणाला. "तिला कुठे दुखतंय?"

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी आमच्यासारख्या वस्तूंनी 'आम्हाला जपा' म्हणायची रीत आहे. मी तसे म्हणणार नाही. मला पोटभर जपले गेले. तुमच्या घरात कोणी एका अंगावर वजन टाकून बसत असेल, बसायचे टाळून उभे राहत असेल, तर त्याला शाब्बास म्हणू नका. कुठे दुखते ते विचारा. "काही नाही" असेच उत्तर येईल. तरी तिथून हलू नका, पुन्हा विचारा.