नाव घातलेलं चिनी भांडं

रिटायर झाल्यावर आमच्याकडची माणसं शेतात रमतात, सोसायटीच्या निवडणुकीत रमतात, नाहीतर जावयाला नावं ठेवण्यात रमतात. कोल्हारचे आदिनाथ गोर्डे चीनमध्ये रमले. त्यासाठी त्यांना घर सोडावं लागलं नाही. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट म्हणून आयुष्य गेल्यामुळे धातूची आवड होतीच. मग जुन्या चिनी ब्राँझच्या वस्तू गोळा करायचा नाद लागला.

ब्राँझ म्हणजे आपलं कासंच. पण काशाच्या वाटीने तळपाय घासतात आणि ब्राँझ कपाटात ठेवतात, एवढा फरक आहे.

त्यांच्या कपाटात तोंडात नाणं धरलेला एक बेडूक होता आणि हातात पीच घेतलेला, भल्यामोठ्या कपाळाचा एक चिनी म्हातारा होता. शेजारच्या बनुबाई येता-जाता या म्हाताऱ्याला हात जोडायच्या. कुठला का असेना, वयाने मोठा दिसतोय, एवढं त्यांना पुरेसं होतं.

संग्रहाचा राजा मात्र वेगळा होता. भिंगारला एका फौजी घराण्याचं जुनं सामान निघालं, त्यात आदिनाथरावांना ते भांडं मिळालं. तीन पाय, दोन कान, पोटावर डोळे वटारलेला कुणी प्राणी आणि सगळ्या अंगावर शेवाळासारखा हिरवा रंग. घराण्यातल्या कुणा पूर्वजाने ते पलटणीबरोबर चीनला गेला असताना आणलं होतं. गावाच्या मते ते भंगार होतं. आदिनाथरावांच्या मते ते तीन हजार वर्षांपूर्वीचं होतं.

हा वाद आता मिटणार होता. महाराष्ट्रातल्या घरांत सापडलेल्या चिनी वस्तूंचं पुण्यात प्रदर्शन भरणार होतं आणि चिनी भाषा जाणणाऱ्या राजेश्वरी ओक रविवारी भांडं बघायला येणार होत्या. त्यांनी ते निवडलं, की भंगार म्हणणारी तोंडं बंद. आदिनाथरावांनी बायकोला, सत्यशीलाबाईंना, पुन्हा पुन्हा बजावलं, "त्याला चिंच लावायची नाही. राखेने घासायचं नाही. पावडर तर अजिबात नाही. जिवापाड जपायचं."

"जपते की," सत्यशीलाबाई म्हणाल्या.

शुक्रवारी आदिनाथराव नगरला गेले होते. संध्याकाळी परत आले तर दारात टेम्पो उभा. लेकीचा, दिशाचा, साखरपुडा आठवड्यावर आला होता. त्यासाठी घेतलेली नवी पातेली, परात आणि डबे श्रीरामपूरहून नाव घालून आले होते. भावकीच्या जेवणावळीत बिननावाचं पातेलं गेलं, की ते पुढच्या लग्नात दुसऱ्याच्या मांडवात भेटतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

टेम्पोतून शेवटचं जे भांडं उतरलं, त्याला तीन पाय होते.

आदिनाथरावांनी ते उचललं. काठाखाली टिंबाटिंबांची ताजी, पिवळीधमक अक्षरं चमकत होती : 'कै. कडूबाई भिमाजी गोर्डे यांचे स्मरणार्थ. कोल्हार.'

आदिनाथराव पायरीवर बसले.

"अगं, काय केलंस हे?"

"नाव घातलं."

"नाव?"

"मंग? घरात पावनेरावळे येनार. तुमचं येवढं लाडकं भांडं, कुनी उचललं मंजे? चिंच लावली का मी?"

"नाही."

"घासलं का?"

"नाही."

"जिवापाड जपा म्हनला हुता. जपलं."

यातलं एकही वाक्य खोडता येण्यासारखं नव्हतं. तरीही आदिनाथराव म्हणाले, "आणि माझ्या आईचं नाव कशाला? ती जाऊन वीस वर्षं झाली!"

"म्हनून तर. जित्या मानसाचं भांडं लोकं नेत्यात. मेलेल्याचं कोन नेत न्हाई. आन् सासूबाईंच्या वस्तूला हात लावायची आजून बी कुनाची छाती न्हाई."

दुसऱ्या दिवशी दोघं भांडं चादरीत गुंडाळून श्रीरामपूरला गेली. नाव घालणारा कल्याण मशीनमागेच बसला होता.

"हे घालवता येईल का?" आदिनाथरावांनी विचारलं.

कल्याणचा चेहरा पडला. "काका, चुकलं का काही? अक्षर बघा की. गोल भांड्यावर असं सरळ अक्षर जिल्ह्यात कुणाकडून निघत नाही."

"अक्षर उत्तम आहे. पण घालवायचंय."

"मग सोपंय. बफ मारतो. हे हिरवं, शेवाळ, सगळं उडवतो. आरसा करून देतो, आरसा. काकू त्यात बघून टिकली लावतील."

आदिनाथरावांनी भांडं पोटाशी धरलं आणि चहाही न घेता दुकानाबाहेर पडले. बाभळेश्वर मागे पडल्यावर सत्यशीलाबाई हळूच म्हणाल्या, "लई बिघडलं का?"

"मूळ रूप बदललेली वस्तू प्रदर्शनात घेत नाहीत."

"मंग मी सांगते त्यान्ला. चूक माजी हाय म्हनते."

"तू काही बोलू नकोस."

रविवारी राजेश्वरी ओक आल्या. आदिनाथरावांनी भांडं असं ठेवलं होतं, की अक्षरांकडची बाजू भिंतीला आणि वर झेंडूचा हार. बाईंनी चहा घेतला, बेडकाचं कौतुक केलं, म्हाताऱ्याला नीट न्याहाळलं आणि मग भांड्याकडे वळून विचारलं, "हार काढू का?"

"असू द्या ना," आदिनाथराव म्हणाले. "शुभ असतं."

सत्यशीलाबाईंना हे सोसवलं नाही. त्यांनी हार काढला, भांडं फिरवलं आणि पदर सावरून उभ्या राहिल्या. "म्याडम, हे मी केलंय. यान्ला काय बोलू नका. ते तवा नगरला गेल्ते."

राजेश्वरीबाईंनी अक्षरं वाचली. एकदा, मग चष्मा लावून पुन्हा. त्यांनी टॉर्च काढला आणि भांड्याच्या पोटात डोकं घातलं. बराच वेळ नुसता "हं" असा घुमलेला आवाज येत राहिला.

"गोर्डेसाहेब, आधी वाईट बातमी. हे तीन हजार वर्षांचं नाही. घडण तितकी जुनी आहे, पण तिकडे लोक पुढेही हौसेने जुन्या घडणीची भांडी करत, घरच्या पूजेसाठी. हे तीनशे वर्षांचं असेल."

तीन हजारातली दोन हजार सातशे वर्षं आदिनाथरावांनी एका आवंढ्यात गिळली.

"आणि आत पण नाव घातलंय."

"आत मी न्हाई!" सत्यशीलाबाई ओरडल्या.

"तुम्ही नाही. चिनी आहे, ओतताना घातलेलं." त्या बोट फिरवत वाचू लागल्या, "'अमक्याने आपल्या दिवंगत आईसाठी हे मोलाचं भांडं करवलं. मुलानातवंडांनी ते कायम वापरावं.'"

सत्यशीलाबाई पुढे सरकल्या.

"वापरावं म्हनलंय?"

"हो."

"ऐका! आन् हे मला कपाटाला हात लावू देत न्हाईत."

आदिनाथराव भांड्याकडे बघत होते. बाहेर त्यांच्या आईचं नाव, आत कुणा दुसऱ्याच्या आईची आठवण, मध्ये बोटभर कासं. "म्हणजे घेता येणार नाही," ते म्हणाले.

"का नाही? आमचं प्रदर्शन 'महाराष्ट्रातल्या घरांतल्या' चिनी वस्तूंचं आहे. माझ्याकडे चिनी वस्तू ढीगभर आल्यात, पण महाराष्ट्रातलं घर एकीवरही दिसत नाही. सगळ्या जशा काही परवाच बोटीतून उतरल्यात. हे एकच भांडं इथे नांदलेलं दिसतंय." त्या सत्यशीलाबाईंकडे वळल्या. "मात्र आता आणखी काही घालू नका."

प्रदर्शनात भांडं मधोमध ठेवलं. एक दिवा आतल्या अक्षरांवर, एक बाहेरच्या. सगळी गर्दी तिथेच. पुण्याचे एक नामांकित संग्राहक सुनील पटवर्धन आपल्या दोन देखण्या ब्राँझ सिंहांपाशी सकाळपासून एकटे उभे होते. शेवटी तेही आले आणि वाकून बघू लागले.

"ही बाहेरची अक्षरं कुठल्या काळातली?"

"मागच्या महिन्यातली," आदिनाथराव म्हणाले.

पटवर्धनांनी एकदा आपल्या सिंहांकडे बघितलं, एकदा गर्दीकडे. मग सत्यशीलाबाईंच्या जवळ जाऊन, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने विचारलं, "वहिनी, दुकान कुठे आहे म्हणालात?"

"श्रीरामपूरला. मेन रोडनं सरळ जावा," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "पर सिंहाच्या पाठीवर घाला. पोटाखाली घातलं तर कोन वाचनार?"