अर्धा सूर खाली

मिस्त्रीच्या हातून दुरुस्त झालेला रेकॉर्ड प्लेयर तक्रार घेऊन परत आला, असं बावीस वर्षांत झालं नव्हतं. आणि त्याच बावीस वर्षांत तो सख्ख्या धाकट्या भावाशी एक अक्षर बोलला नव्हता. कारण काय, तर गिटार! ब्लूजचा एक जुना अल्बम दोघांनी घोटून घोटून पाठ केलेला. मिस्त्री घरच्या प्लेयरवर ऐकून शिकला, धाकटा मित्राकडे. बँडच्या तालमीत धाकट्याचं सगळं अर्धा सूर खाली. "कान आहेत की भोकं?" म्हणत मिस्त्रीने त्याला चारचौघांत हाकलून दिलं.

आज दुपारी घरालगतच्या दुकानात एका गिऱ्हाइकाचा प्लेयर तयार झाला, तर चाचणीची रेकॉर्ड उन्हाने वाकलेली. नाइलाजाने मिस्त्रीने घरातून तोच लाडका ब्लूजचा अल्बम आणून लावला. परक्या सुईखाली तो पहिल्यांदाच जात होता.

गिटार सुरू झाली आणि मिस्त्री चपापला. सगळं अर्धा सूर खाली! थेट धाकट्यासारखं.

"हात्तिच्या, मोटर संथ आहे," म्हणत त्याने वेग तपासायची रेघांची चकती ठेवली. वेग बरोबर असला की ट्यूबच्या उजेडात तिच्या रेघा थांबल्यासारख्या दिसतात. रेघा जागच्या हलेनात.

मिस्त्रीने घरात जाऊन चकती स्वतःच्या जुन्या प्लेयरवर ठेवली. जगाची यंत्रं तपासली, हे कधीच नाही. स्वतःचं काय तपासायचं! रेघा सुसाट पळत सुटल्या. त्याने रेकॉर्डखालची फिरती तबकडी उचलली. पट्टा घसरतो म्हणून मोटरच्या पुलीला त्यानेच कधीकाळी चिकटपट्टीचे वेढे दिलेले, दोन दिवसांपुरते. पुली जाड झाली, प्लेयर पळू लागला आणि हा पठ्ठ्या विसरून गेला.

अरे देवा, पोरगं बरोबर होतं!

दिराचा नंबर बायकोकडे होता. तिने संबंध तोडले नव्हते. मिस्त्रीने फोन लावला.

"दादा बोलतोय. तू बरोबर होतास रे. माझाच प्लेयर पळत होता. पुलीला चिकटपट्टी..."

"माहीत आहे, दादा."

"माहीत आहे? कधीपासून?"

"त्याच संध्याकाळी. तू घरी नव्हतास, उघडून बघितलं मी."

"मग बोलला का नाहीस, गाढवा?"

"मला बँडमध्ये परत घ्यायचं तर तुला सगळ्यांना सांगावं लागलं असतं. नुकतंच दुकान टाकलेलं, आणि मिस्त्रीचाच प्लेयर बिघडलेला! कोण फिरकलं असतं तुझ्याकडे?"

मिस्त्रीने पुलीवरची चिकटपट्टी सोलायला घेतली. मग धाकटा म्हणाला, "मला वाटलं, आठवडाभरात तू तपासशील."