ओसरीवर न पोचलेला आवाज

कान्हे गावात श्रीपती आबांचं घर म्हणजे वळणाचं घर, असं जो तो म्हणे. रोजच्यासारखीच ती सकाळ होती. आबा ओसरीवर तंबाखू मळत बसले होते आणि आत दोघी सुना, थोरली झुंबर आणि धाकटी सरू, चुलीशी राबत होत्या. झुंबरनं भाकरीची थाळी उंबऱ्याशी ठेवली, दाराची कडी वाजवली आणि ती मागं सरली. आबा खाकरले, मग त्यांनी थाळी ओढून घेतली. सुनेनं सासऱ्याशी किंवा थोरल्या दिराशी बोलायचं नाही, तिचा आवाज ओसरीवर येता कामा नये, ही त्या घराची रीत. झुंबर नऊ वर्षं तिथं नांदत होती. नऊ वर्षांत सासऱ्यानं तिचा एक शब्द ऐकला नव्हता, आणि गावाला त्याचं कोण कौतुक!

खरं तर झुंबरचं माहेर तिकोणा पेठेचं. लहानपणी गडाच्या उतारावर म्हशी वळताना तिनं हाळी दिली, की खालच्या आळीत ऐकू जायची. पण त्या सकाळी तिनं ठरवलं असतं, तरी सासऱ्याला तिचा आवाज ऐकू गेला नसता. दोन महिन्यांपूर्वी तिचा आवाजच गेला होता.

१९७४ सालच्या श्रावणात तिचं पोट दुखायला लागलं. बाईमाणसानं दुखणं सांगायचं कुणाला? सांगेपर्यंत आतडं फुटलं. नवरा नथू लोणावळ्याला रेल्वेत कामाला, म्हणून तिला पुण्याच्या मोठ्या इस्पितळात न्यायचं सुचलं तरी. ऑपरेशन झालं, पण शुद्ध येईना, श्वास चालेना. बारा दिवस अतिदक्षता विभागात घशात नळी घालून तिला यंत्रावर ठेवलं. बाई यमाच्या दारातून परत आली. नळी काढल्यावर तिनं नथूकडे पाहून तोंड उघडलं, तर नुसती हवा बाहेर आली. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा हवाच. मग ती रडली, आणि त्या रडण्यालाही आवाज नव्हता.

"नळीनं घशाला आतून जखम झाली आहे," डॉक्टरांनी नथूला बजावलं. "तीन आठवड्यांनी दाखवायला आणा. रोज त्यांना मोठ्यानं बोलायला लावा आणि घरातल्या सगळ्यांनी लक्ष देऊन ऐका. श्वासाला शिट्टी वाजायला लागली, तर त्याच दिवशी इथं आणायचं. घसा आतून आकसत जातो. हयगय केलीत, तर श्वास कोंडेल."

घरातल्या सगळ्यांनी ऐका! डॉक्टर बिचारा शहरातला. त्याला काय ठाऊक, की ज्या घरात सून चुकून हसली तरी कान टवकारतात, तिथं सुनेचं बोलणं ऐकायला कुणालाच कान नसतात.

झुंबरनं गोठ्यात जाऊन बोलून पाहिलं. पहिल्या दिवशी खरखर आली. चौथ्या दिवशी "चिंगे" एवढं, लेकीचं नाव, फाटक्या आवाजात का होईना, आलं. तिचा स्वतःवर विश्वास बसेना. ती पुन्हा पुन्हा तेच नाव घेत राहिली. तेवढ्यात सासू, बयाबाई, लगबगीनं आत आली.

"अगं, वरडतीस काय? वसरीवर म्हातारं बसलंय. त्येंच्या कानावर गेलं तर काय म्हंतील?"

"डाक्टर..." झुंबर कुजबुजली.

"डाक्टर ऱ्हातो पुन्यात. आपल्याला हितं गावात ऱ्हायाचंय."

बयाबाई वाईट नव्हती हो. तिनंही चाळीस वर्षं असाच पदर तोंडाशी धरला होता, आणि जे आपण सोसलं तोच धर्म, अशी तिची साधी समजूत होती. झुंबरचं बोलणं बंद झालं ते झालंच.

तीन आठवडे सरले. नथूनं इस्पितळाची आठवण काढली, तर आई म्हणाली, "भातं कापायला आल्यात. बाई चालती, दळती. मंग दवाखाना कशापायी?" नथू मान डोलावून कामावर गेला. आईपुढं त्याचं कधीच काही चालत नसे. आपल्याकडं मुलगेही तोंड दाबूनच वाढवतात.

शिट्टी पहिल्यांदा ऐकली ती सरूनं. दोघी जात्यावर बसल्या असताना झुंबरचा श्वास आत जाताना सूं सूं वाजू लागला.

"जाऊबाई, ह्ये डाक्टरनं सांगितल्यालंच न्हवं का?"

झुंबरनं मान हलवली. तिच्या डोळ्यांत भीती मावत नव्हती. "ह्यांना... सांग," ती कशीबशी म्हणाली. रात्रपाळी लागली होती. नथू पंधरा दिवस घरी येणार नव्हता. सरूनं सासूला सांगितलं. सासूनं आल्याचा काढा दिला. ओसरीवर सासरा बसलेला होता, दहा पावलांवर. त्याला सांगायला सरू उंबऱ्यापर्यंत गेली, पदर सारखा केला आणि तशीच माघारी फिरली. असे आठ दिवस गेले.

नवव्या दिवशी सगळे खळ्यावर भात झोडायला गेले होते. घरात झुंबर, ओसरीवर आबा. भाकरी थापता थापता तिचा श्वास अडकला. आत जाईना, बाहेर येईना. ती भिंत धरत धरत उठली आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा उंबरा ओलांडून सासऱ्यासमोर उभी राहिली. पदर खांद्यावरून गळलेला, दोन्ही हात गळ्याशी.

आबा दचकले. सुनेचं उघडं डोकं दिसताच त्या सभ्य माणसानं झटकन भिंतीकडं तोंड फिरवलं.

"पदर घ्या, सूनबाई," ते म्हणाले, आणि ती आत जाण्याची वाट पाहत बसले.

धप्प झालं तेव्हा ते वळले. तिचे ओठ निळे पडले होते. सत्तरीच्या त्या म्हाताऱ्यानं सुनेला उचललं, बैलगाडीत घातलं, कामशेतपर्यंत बैल पळवले. तिथल्या डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि हात खाली ठेवला.

तेराव्याला माणसं जमली. "सून असावी तर अशी," एक जण म्हणाला. "कदी आवाज म्हनून ऐकू आला न्हाई."

"म्याबी न्हाई ऐकला!" आबा ताडकन उठले. "नऊ वर्सं माज्या घरात व्हती. तिचा आवाज कसा व्हता, मला ठावं न्हाई. जीव मागाया माज्याम्होरं आली, अन् म्या भिंतीकं तोंड केलं! ह्याचं कवतिक करता व्हय? आजपास्नं ह्या घरात ही रीत बंद!"

आबा दाराकडं वळले.

"सरू, पोरी, भाईर ये. माज्याम्होरं उबी ऱ्हा. तिला दम लागतोय, ह्ये तुला ठावं व्हतं का?"

सरू बाहेर आली. तिनं मान वर केली, ओठ हलले. गळ्याच्या शिरा ताणल्या. सारं अंगण कान देऊन थांबलं होतं.

सरूच्या घशात कुणी कधी नळी घातली नव्हती. तरीही तिच्या तोंडून शब्द फुटला नाही.