साबण लावलेली नळी

जळकोटच्या फाट्यावर माणिकप्पाची जीप आचके देत थांबली तेव्हा साडेअकरा वाजले होते. सन बासष्टचा उन्हाळा. जिल्हा परिषदेची पहिलीच निवडणूक लागली होती आणि तुळजापूरच्या कचेरीत अर्ज द्यायचा तो शेवटचा दिवस होता. मुदत तीनची. माणिकप्पाने नवा रुमाल बांधला होता आणि अर्ज कोटाच्या आतल्या खिशात जपून ठेवला होता.

"पेट्रोल वर येईना मालक," ड्रायव्हर बंडप्पा बॉनेटमध्ये वाकून म्हणाला.

रस्त्याला लागूनच सोमलिंगचं पत्र्याचं गॅरेज होतं आणि शेजारी त्याच्या भावजयीचं, इरम्माचं, चहा-भाकरीचं हॉटेल. इरम्माचा नवरा बिराप्पा चार वर्षांपूर्वी याच माणिकप्पाच्या लॉरीवर ड्रायव्हर होता. लॉरीची पेट्रोलची नळी गळायची. त्याने तीनदा नवी नळी मागितली आणि तिन्ही वेळा माणिकप्पा म्हणाला, "साबण लाव, चालतंय." नळदुर्गच्या उतारावर लॉरी पेटली. बिराप्पा दोन दिवस तळमळला आणि गेला. पंचनाम्यात माणिकप्पाने लिहून दिलं, ड्रायव्हर बिडी ओढत होता.

गळ्यात लिंग घातलेल्या त्या माणसाने जन्मात बिडीला हात लावला नव्हता. पण कागदावर आलं तेच गावात खरं ठरलं. 'बिडीपायी जळला' हे इरम्माने सख्ख्या मावशीच्या तोंडूनही ऐकलं. शेवटी ती गाव सोडून दिराकडे जळकोटला आली. बिराप्पा असेपर्यंत सोमलिंग सोलापूरच्या एका गॅरेजात होता, त्यामुळे माणिकप्पा त्याला ओळखत नव्हता. इरम्माने मात्र माणिकप्पाला शंभर वेळा पाहिलं होतं. त्याने तिच्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

"चहा आण गं बाई. साखर जास्त घाल," तो बाकड्यावर बसत म्हणाला.

तिने चहा दिला.

सोमलिंगने इंजिनच्या पंपावर पेट्रोलची नळी धरणाऱ्या नटाला पाना लावला. नट फिरेना, आणि जोर केला तर नटाबरोबर नळीही पिळवटायला लागली. त्याने चिंधीने वरची मळी पुसली. खाली पिवळा, दगडासारखा कडक झालेला साबण निघाला. त्यावर सुतळीचे वेढे, वेढ्यांवर परत साबण.

"हे कुणी केलं?"

"मालकानं करायला लावलं," बंडप्पा हळूच म्हणाला. "म्या नवी नळी मागितली व्हती. दोन येळा."

सोमलिंगने साबण खरवडला, नटावर रॉकेल सोडलं आणि ते मुरेपर्यंत थांबला. मग एका पान्याने खालचा सांधा धरून ठेवला, दुसऱ्याने नट थोडा मागे, थोडा पुढे केला. घाम डोळ्यांत उतरत होता. बऱ्याच वेळाने नट कर्रकन हलला.

आता त्याच्या मनात आलं, हा नट असाच सैल ठेवावा. फुंकून साफ करून नळी परत लावायची आणि नट नुसता बोटाने आवळायचा. नळदुर्गच्या उतारापर्यंत तो सुटेल. तापलेल्या सायलेन्सरवर पेट्रोल पडेल.

इरम्मा मागे येऊन उभी होती. तीन वर्षं शेजारी राहून तिला एवढं काम कळत होतं.

"बोटानंच आवळ," ती पुटपुटली.

"वैनी, चाकावर बंडप्पा बसनार हाय."

तिने बंडप्पाकडे पाहिलं. तो बिचारा जीपच्या रेडिएटरमध्ये पाणी ओतत होता.

"मंग लावूच नको," ती म्हणाली. "काढून माझ्याकडं दे."

नळी घेऊन ती सरळ माणिकप्पासमोर गेली. बाकड्यांवर जेवणाला थांबलेले दहाबारा ट्रकवाले होते, बाजाराला निघालेली माणसं होती. तिने साबणाचा खपला सोलून माणिकप्पाच्या बशीत टाकला.

"हे काय ग?"

"तुमचाच साबन हाय. बिराप्पाच्या लॉरीवर बी हाच व्हता."

"कोण बिराप्पा?"

इरम्माचा चेहरा पांढरा पडला. माणसाला मारलं, बदनाम केलं, आणि नावसुद्धा लक्षात ठेवलं नाही! आजवर तिला वाटत होतं, याला कधीतरी झोप लागत नसेल.

"तुमच्या लॉरीत जळला त्यो," सोमलिंग पाने हातात घेऊन आला. "माझा थोरला भाऊ. ह्या त्याच्या मालकीन."

माणिकप्पाने दोघांकडे नीट पाहिलं. मग घड्याळाकडे. "झालं ते झालं मिस्त्री. नळी लाव. लई खोळंबा व्हतोय."

"लावतो. आदी सांगा, बिराप्पा बिडी वढत व्हता का?"

"ते पंचनाम्यात हाय."

"मंग पंचनाम्यावर बसून जावा तुळजापूरला," इरम्मा म्हणाली.

कोणीतरी हसलं. माणिकप्पा उठला. त्याने फौजदाराचं नाव घेतलं, मामलेदाराचं घेतलं, गॅरेजला कुलूप लावीन म्हणाला. सोमलिंग भिंतीला टेकून उभा राहिला. तुळजापूरची बाराची एसटी निघून गेली होती, पुढची चारला होती. माणिकप्पाने एका ट्रकवाल्याला सोबत नेण्याबद्दल विचारलं. "आमी दर पंधरा दिवसाला ह्या बाईच्या हातचं जेवतो मालक," एवढंच तो म्हणाला आणि भाकरी मोडू लागला.

एक वाजला. माणिकप्पाचा रुमाल घामाने भिजला होता.

"न्हवता वढत," तो खाली बघून म्हणाला.

"मोठ्यानं," इरम्मा म्हणाली. "चार वर्सं मोठ्यानंच सांगत हिंडलाव न्हवं?"

"न्हवता वढत बिडी! नळी गळत व्हती. त्यानं सांगितलं व्हतं. म्या बदलली न्हाई. झालं समाधान?"

समाधान झालं नव्हतं. पण सोमलिंगने शब्द पाळला. त्याने नवी तांब्याची नळी कापली, सांध्यात घट्ट बसावी म्हणून तिची तोंडं नीट फुलवली, दोन्ही नट पान्याने आवळले आणि सांध्यावर बोट फिरवून कोरडं असल्याची खात्री केली. अर्ध्या तासाचं काम त्याने अर्ध्या तासातच केलं. इंजिन पहिल्याच फटक्यात सुरू झालं. लगेच निघाली असती तर जीप तीनच्या आत पोहोचली असती.

"बंडप्पा, बस," माणिकप्पाने घाईने दार ओढलं.

बंडप्पा जागचा हलला नाही. त्याने डोक्याचं फडकं सोडून तोंड पुसलं. "मालक, म्या न्हाय येत."

"काय?"

"आमाला सांगितलं व्हतं, पयला ड्रायव्हर बिडीनं गेला. म्हनून म्या बिडी सोडली. आन त्या साबनावर वर्सभर गाडी चालिवली. माझ्या घरी बी बायकू हाय."

माणिकप्पाला गाडी चालवता येत नव्हती. त्याने सोमलिंगकडे पाहिलं.

"मला येतंय चालवाया," सोमलिंग म्हणाला. "पर तुमाला नेनार न्हाई."

इंजिन चालू, दार उघडं, आणि माणिकप्पा शेजारच्या सीटवर बसून राहिला. आधी ओरडला, मग बंडप्पाला 'बाबा' म्हणाला. हॉटेलातल्या घड्याळात दोन वाजले, अडीच वाजले. ट्रकवाले जेवण उरकूनही निघेनात. माणिकप्पाने अर्ज खिशातून काढून पाहिला आणि परत ठेवला. तीन वाजून गेल्यावर बंडप्पानेच हात घालून इंजिन बंद केलं.

मग उलट्या दिशेच्या एसटीने माणिकप्पा घरी गेला. पुढच्या आठवड्यात बिराप्पाच्या गावाहून आलेला माणूस सांगत होता की बिडीची गोष्ट आता कोणी काढत नाही, साबणाचीच काढतात.

त्या दिवशी एसटी दिसेनाशी होईपर्यंत इरम्मा रस्त्याकडे बघत होती. सोमलिंगला वाटलं, आता ती रडेल, मोकळी होईल.

"कमी पडलं," ती म्हणाली.

"काय वैनी?"

"त्यो रडला न्हाय."

सोमलिंग पाने पुसत बसला. ती आत गेली आणि तिने संध्याकाळच्या भाकरीचं पीठ मळायला घेतलं. परातीवर तिच्या मुठी आपटत होत्या, तो आवाज बराच वेळ गॅरेजात येत राहिला.