यंदा की पुढच्या वर्षी

आईचं डायलिसिस सुरू झालं की लेक शेजारच्या खुर्चीत बसून लॅपटॉप उघडायची. टायर कंपनीच्या गोदामाचं काम सांभाळून तिनं एमबीएची प्रवेश परीक्षा दिली होती आणि गुणही चांगले पडले होते. आता अर्ज कधी करायचा आणि कुठे, एवढंच ठरायचं होतं. समुद्रापलीकडच्या एका विद्यापीठावर तिचा कधीपासून डोळा होता. इथल्या कॉलेजात संध्याकाळचे वर्ग होते, पण त्यांना ती नाक मुरडायची.

"काय ठरलं मग?" आईनं विचारलं.

"बाहेरच जाईन, पण पुढच्या वर्षी. यंदा घाई होईल."

आईनं मशीनवरची नजर तिच्याकडे वळवली. "पुढच्या वर्षी म्हणजे मी गेल्यावर, असंच ना?"

हे लेकीनं स्वतःशीही कधी कबूल केलं नव्हतं.

"काहीतरीच काय बोलतेस, आई!"

"रागावले नाही गं. पण माझ्या जाण्याची वाट बघत बसू नकोस. मी चिवट आहे, तुझी सगळी वर्षं खाऊन बसेन. अर्ज करायचा तर यंदाच कर, कुठे ते तू ठरव."

लेक हसायला गेली आणि तिला रडूच कोसळलं. डोळे पुसून तिनं तिथल्या तिथे इथल्याच कॉलेजाचा अर्ज भरला.

मोठं विद्यापीठ हातचं गेल्याची रुखरुख तिला कायम राहिली. पण वर्ग सुरू झाले तेव्हा घरी विचारपूस करायला आई होती, आणि पुढच्या हिवाळ्यात आई गेली तेव्हा लेक तिच्या उशाशी होती.